वजन केव्हा वाढवावे? शक्तिव्यायामातील भारवृद्धीची सूत्रे

सिडनी येथे २००० साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत करनम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. क्लीन अँड जर्क प्रकारात १३० किलो उचलल्यानंतर अखेरच्या प्रयत्नात त्यांनी १३७.५ किलोचा भार घेतला. मात्र तो उचलला गेला नाही. सुवर्ण व रौप्यपदक विजेत्यांची बेरीज प्रत्येकी २४२.५ किलो होती. दिल्ली क्रीडा विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून मल्लेश्वरी यांची २०२१ मध्ये नियुक्ती झाली.

स्पर्धेत पदकासाठी असा धोका पत्करावा लागतो. रोजच्या सरावात त्याची गरज नसते. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील व्यायामशाळांत अनेक तरुण शेजाऱ्याचे वजन पाहून आपले वजन वाढवतात. भारवृद्धीचा निर्णय मात्र स्वतःच्या शरीराने दिलेल्या पुराव्यावरच घ्यावयाचा असतो.

सूत्राचा उगम

स्नायूंवर सवयीपेक्षा किंचित अधिक ताण पडल्यास ते बळकट होतात. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारांत क्रमाने वाढत्या भाराची पद्धत वापरली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आपल्या तालमींतही हेच तत्त्व पाळले जाते. तेथे जोर-बैठकांची संख्या आधी वाढते. जड मुद्गल नंतर हाती येतो.

वाढीची वेळ

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरवलेल्या संख्येपेक्षा एक-दोन आवर्तने अधिक करता येऊ लागली की भार २ ते १० टक्क्यांनी वाढवावा. ही क्षमता सलग दोन दिवसांच्या सरावात दिसावी, असा दंडक अनेक प्रशिक्षक पाळतात. एखादा दिवस उत्साहाचा असू शकतो. दुसऱ्या वेळीही तेच घडले, तर ती खरी प्रगती होय.

शेवटच्या आवर्तनातही पाठीचा कणा स्थिर राहावा, हालचाल पूर्ण व्हावी आणि वजन झटका न देता खाली यावे. संख्या पूर्ण झाली पण ढब बिघडली, तर ती आवर्तने मोजू नयेत.

किती वाढवावे?

साठ किलोवर अडीच किलो वाढवणे म्हणजे सुमारे ४ टक्के वाढ. वीस किलोवर तेवढीच भर घातली तर वाढ १२.५ टक्के होते आणि मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी लहान चकत्या वापराव्यात किंवा आधी आवर्तने वाढवावीत. पाय व कमरेच्या मोठ्या स्नायूंना तुलनेने मोठी वाढ पेलते; खांदे व दंडांच्या व्यायामात ती अल्प ठेवावी.

नवशिक्यांची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. याचे मुख्य कारण स्नायूंची वाढ नसून मज्जासंस्था स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागते, हे होय. स्नायूबंध व सांधे मात्र सावकाश बळकट होतात. या काळातील घाई पाठ, खांदा व गुडघ्याच्या दुखापतींना निमंत्रण देते.

केव्हा थांबावे?

व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी वेदना, सूज किंवा हातापायात मुंग्या ही थांबण्याची खूण समजावी व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अपुरी झोप किंवा उपवास असलेल्या दिवशीही वजन वाढवू नये.

दिल्ली परिसरात ऋतूचाही विचार आवश्यक ठरतो. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर नोव्हेंबरच्या सुमारास हवा अतिशय प्रदूषित असते. अशा दिवसांत आहे तो भार टिकवणे पुरेसे असते. पावसाळ्यानंतर पसरणाऱ्या डेंग्यूसारख्या आजारातून उठलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनंतर कमी वजनापासून पुन्हा प्रारंभ करावा.

प्रत्येक सरावाचे वजन, आवर्तने आणि शेवटच्या आवर्तनाची स्थिती वहीत नोंदवून ठेवावी. पुढील चकती केव्हा चढवावी, याचे उत्तर बहुधा त्या नोंदींतच सापडते.