मावळ तालुका : सार्वजनिक खर्च आणि स्थानिक भरतीचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांना खर्चाचा, तसेच भूमिपुत्रांना दिलेल्या रोजगाराचा जाब विचारण्याची साधने, त्यांचा वापर आणि मर्यादा. तालुक्यात लोणावळा व तळेगाव दाभाडे या नगरपरिषदा, २०१८ मध्ये अस्तित्वात आलेली वडगाव नगरपंचायत आणि अनेक ग्रामपंचायती आहेत. शिवाय जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग आणि तळेगाव एमआयडीसी यांचा पैसाही येथे खर्च होतो. त्यामुळे जाब कोणाला विचारायचा, इथूनच अडचण सुरू होते.

खर्चाच्या बाबतीत कागद असतो, हा नागरिकाचा मोठा आधार. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडावा लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या रूढ तारखा. नगरपरिषदांची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षा करते. आक्षेप निघाले की अनुपालन द्यावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे प्रलंबित राहते हेही खरे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे लागू झाला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती, न मिळाल्यास प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोग असा त्याचा क्रम. जिल्हास्तरीय कार्यालये व नगरपालिकांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोयही शासनाने केलेली आहे. अर्ज करून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग सोपा, पण वापरणारे थोडे.

रस्त्याच्या कामाची धारिका उघडली की अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयके ओळीने सापडतात. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते. तेच आकडे टेप घेऊन जागेवर पडताळता येतात. लोणावळ्यासारख्या धो-धो पावसाच्या गावात मात्र सर्वांत कामाचा कागद म्हणजे करारातली दोषदायित्व कालावधीची अट. या मुदतीत डांबर उखडले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ती तारीख नागरिकांना ठाऊक नसली की त्याच खड्ड्यासाठी नवी निविदा निघू शकते.

२०२२ पासून जवळजवळ चार वर्षे लोणावळा व तळेगावात निवडून आलेली सभा नव्हती. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे राहिला. विषयपत्रिकेवर विरोधी नगरसेवक उठून बोलतो, हा सर्वांत स्वस्त अंकुश त्या काळात गायब होता. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले.

प्रश्न विचारण्याची किंमत या तालुक्याने मोजली आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमीनव्यवहारांविषयी माहिती अधिकारातून कागद बाहेर काढणारे तळेगावचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी खून झाला. तपास सीबीआयकडे गेला. २०१४ मध्ये तिने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. पुढे तपास पुन्हा उघडला गेला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पवना बंद जलवाहिनीविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, त्यांत एक महिला होती. धरण मावळात, पाणी पिंपरी-चिंचवडला, आणि खर्च करणारी महापालिका मावळच्या मतदाराला बांधील नाही, असा तो पेच होता. प्रकल्पाची स्थगिती राज्य सरकारने २०२३ मध्ये उठवली.

भरतीबाबत पाया कच्चा आहे. शासकीय नोकरीत जन्मस्थान वा निवासावरून भेद करण्यास राज्यघटनेचा अनुच्छेद १६(२) मनाई करतो. निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. गावातल्याच माणसाची अट खरोखर दिसते ती पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा अशा पदांना. तेथे कोण नेमले हे वाडीवस्तीवर लगेच कळते, म्हणून तक्रारीही तिथेच जास्त होतात. खाजगी कारखान्यांसाठी १७ नोव्हेंबर २००८ चा शासन निर्णय आहे : एकूण किमान ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान ५० टक्के स्थानिक. परंतु ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिलेला. नांदेडचा तरुणही त्यात बसतो. ज्याची जमीन एमआयडीसीत गेली त्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळा हक्क मिळत नाही. शिवाय हा निर्णय आहे, कायदा नाही. त्याचा खरा दाब पडतो तो शासनाच्या प्रोत्साहन सवलती घेणाऱ्या कारखान्यांवर. मग ‘स्थानिकांना काम’ म्हणजे बऱ्याचदा कायम नोकरी नव्हे, तर भंगार, टँकर, कँटीन किंवा कामगार पुरवठ्याचा ठेका, आणि तोही गावातल्या वजनदार माणसाला.

तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले तेव्हा जमिनीच्या बदल्यात आलेल्या नोकऱ्या किती टिकतात हे दिसले. ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार फिसकटला. पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर राज्यात गदारोळ झाला. तो भागीदारी करारही २०२३ मध्ये मोडला. त्या वादात एक लाख नोकऱ्यांचा आकडा सर्रास फिरला, पण त्यांतल्या किती मावळच्या असणार हे कुणी विचारले नाही.

कायदा करूनही प्रश्न मिटतोच असे नाही. हरियाणाचा ७५ टक्के स्थानिक नोकऱ्यांचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. याउलट कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुतमध्ये शासकीय नोकऱ्यांत तेथील मूळ रहिवासी इनुइटांचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात असावा, असे १९९३ च्या भूमी करारातच लिहिले होते. ते पाळले गेले नाही म्हणून इनुइट संस्थेने २००६ मध्ये दावा लावला आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारने २५५.५ दशलक्ष डॉलर देऊन तो मिटवला. मावळकडे असा करार नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम २(च) मात्र आहे : सार्वजनिक प्राधिकरणाला अन्य कायद्यान्वये खाजगी संस्थेची जी माहिती मिळवता येते, ती नागरिकालाही मागता येते. सवलत घेणाऱ्या कारखान्याच्या भरतीचा तपशील जिल्हा उद्योग केंद्राकडे मागायचा तो याच आधारावर.