प्रयोगवहीच्या बाहेर

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा विवाह साहित्यविद्येशी लावून दिला तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरीत. वत्सगुल्म म्हणजे आपले आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' काव्य रचले. काव्याचे लग्न ज्या गावी लागले त्या गावाने विज्ञानासाठी काय केले, असे कोणी खोडसाळपणे विचारले तर वाशीमकराने रागावू नये. हा प्रश्न एकट्या वाशीमचा नाही. पदवीच्या वर्गात विज्ञान शिकणाऱ्या मुलाने स्वतः काही शोधून काढावे, ही अपेक्षाच आपल्याकडे फार उशिरा जन्मली.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८५७ साली विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचे काम परीक्षा घेण्याचे आणि पदव्या वाटण्याचे. शिकवायचे ते कॉलेजांनी. त्याआधी तीसेक वर्षे जर्मनीतल्या गीसेन गावी लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत उभे करून, अज्ञात पदार्थ हाती देऊन शिकवण्याचा पायंडा पाडला होता. आपल्या वाट्याला लंडन आले, गीसेन आले नाही. वऱ्हाडाच्या वाट्याला तर लंडनही उशिराच आले. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ चे, नागपूर विद्यापीठ त्याच सालचे; अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९८३ साली, आणि अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला १९९८ साली.

परीक्षेच्या या राज्यात प्रयोगशाळेचे जे झाले ते बी. एस्सी. झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साधा लंबक टांगायचा, गुरुत्वत्वरण काढायचे. ते ९८० च्या आसपास यायला हवे हे आधीच माहीत, म्हणून आंदोलनांच्या वेळा मागाहून 'लावून' घ्यायच्या. मग जर्नलवर सही, आणि सहीवर गुण. उत्तर ठाऊक असलेला प्रयोग हा प्रयोगच नव्हे, पण या गोष्टीचा कोणी विधिनिषेध बाळगला नाही. चुकीचे आलेले उत्तर का चुकले, हे शोधायला कोणी मुलाला आठवडाभर मोकळे सोडले असते तर!

अपवाद झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ साली वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तेथे वीस इंची परावर्तक दुर्बीण बसवली. अशी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेले. एका माणसाच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्या निवृत्तीबरोबर संपते, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

दुसरा अपवाद गणितातला. डहाणूचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. पुढे ते देवळालीला शाळामास्तर झाले आणि ६१७४ या संख्येचा गुण त्यांनी जगापुढे मांडला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या चंद्रशेखरांचा निबंधही ते पदवीचे विद्यार्थी असतानाच लिहिला गेला आणि १९२९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पण एक गणित, दुसरे सैद्धांतिक भौतिक. कागद आणि पेन्सिल एवढ्यावर भागणारी ही विद्या. ज्याला वनस्पती, पाखरे, जंतू, पाणी, माती यांच्याशी झोंबायचे होते त्याने काय करावे? स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्था उभ्या राहिल्या, ते उत्तमच झाले. पण संशोधन तिकडे गेले आणि कॉलेजात पाठ्यपुस्तक तेवढे उरले.

या कोंडीतून वाट कशी निघते, याचे मला आवडलेले उदाहरण पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले आहे. तेथले सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद वाटवे यांनी विद्यार्थ्यांच्या चमूला घेऊन वेड्या राघूवर काम केले. तारेवर बसून माश्या टिपणारा हा हिरवा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. माणूस जवळ उभा असला की तो घरट्यात शिरायला कचरतो, हे कोणीही सांगेल. या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: माणूस तेवढ्याच अंतरावर उभा आहे, पण आडोशामुळे त्याला घरटे दिसत नाही, अशा वेळी पक्षी काय करतो? तो अधिक निःशंकपणे आत जातो, असे निरीक्षणांतून निघाले. म्हणजे समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही याचा हा 'वेडा' अंदाज घेत असावा. हे काम २००२ साली 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साहित्य काय लागले? डोळे, घड्याळ, वही आणि उन्हात उभे राहण्याची तयारी. वेडा राघू वाशीमच्या तारांवरही बसतो.

सरकारी हालचालीही याच सुमारास सुरू झाल्या. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात आणणारा राष्ट्रीय उपक्रम काढला. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ साली कुलपतींच्या पुढाकाराने निघाली आणि तीत पदवीच्या मुलांसाठी वेगळा गट ठेवला गेला. आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधन करता येईल. स्पर्धेत तक्ते रंगवण्यावर भर पडतो आणि सक्तीच्या प्रकल्पांची छापील दुकाने निघतात, हे खरेच. तरी वाट उघडी झाली आहे.

प्रश्न मात्र गावचे हवेत. वाशीम जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर पाणी दोन दिशांना फुटते. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे वळते. ते पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस पैनगंगेला मिळतात. त्यांचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करीत बंगालच्या उपसागरात जाते. या पाणलोटरेषेच्या दोन्ही अंगांच्या विहिरी दर पंधरवड्याला मोजायला एक दोरी, एक टेप आणि किमान दोन पावसाळे लागतात. चौथे वर्ष दोनच सत्रांचे आहे. तेव्हा दोरी दुसऱ्या वर्षीच विहिरीत सोडावी लागेल, ७५ टक्क्यांचा हिशेब लागण्याच्या पुष्कळ आधी.