कडेच्या रस्त्याची कुळकथा

इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या गाड्या आज जिथून वाऱ्यासारख्या सुटतात, तो रस्ता मुळात शर्यतीसाठी कुणी आखलाच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात वेलिंग्टन जातीची बॉम्बफेकी विमानं आपल्या थांब्यावरून धावपट्टीच्या तोंडाशी नेण्यासाठी तो बांधला गेला. रात्री मिणमिणत्या दिव्यांच्या आधाराने ती अवजड विमानं त्यावरून एकामागून एक हळूहळू पुढे सरकत.

युद्धाच्या त्या काळात ब्रिटनमध्ये शेकड्यांनी विमानतळ उभे राहिले आणि बॉम्बर विमानांसाठी बांधलेले बहुतेक तळ एकाच साच्यातले होते. तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदून त्रिकोण करत, म्हणजे वारा कुठूनही वाहिला तरी एक तरी पट्टी कामाला येई. मुख्य पट्टी 2,000 यार्डांची, उरलेल्या दोन 1,400 यार्डांच्या. या पट्ट्यांची टोकं जोडत सगळ्या तळाला वळसा घालणारा 50 फुटी पक्का रस्ता, आणि त्याच्या काठाने विखरून ठेवलेले विमानांचे थांबे. एका बॉम्बने सगळी विमानं एकदम जळून जाऊ नयेत, एवढ्यासाठी ती अशी दूर दूर उभी करत. नॉर्दम्प्टनशर आणि बकिंगहॅमशरच्या सीमेवरची सपाट, वाऱ्याची शेतजमीन घेऊन सिल्व्हरस्टोनही याच साच्यात बांधलं गेलं.

इथून जर्मनीवर रोजचे हल्ले होत नसत. एप्रिल 1943 मध्ये इथे आली ती ब्रिटिश विमानदलाची 17 नंबरची सराव तुकडी. वैमानिक, दिशादर्शक, बिनतारी संदेशवाला, बॉम्ब टाकणारा, तोफची हे सगळे आपापलं काम वेगवेगळ्या ठिकाणी, कुणी तर थेट कॅनडात, शिकून येत. एका विमानात बसणारं टोळकं म्हणून ते पहिल्यांदा एकत्र येत ते अशा सराव केंद्रावर. त्यांची जुळवणी करण्याची रीतही वेगळी होती. सगळ्यांना एका मोठ्या खोलीत सोडून देत, आणि आपला वैमानिक कोण, आपला तोफची कोण, हे ज्याचं त्याने निवडायचं. वरून हुकूम नाही. विशी-बाविशीतली मुलं चेहरे बघून, दोन शब्द बोलून, कुणाच्या हाती आपला जीव द्यायचा ते ठरवत.

मग रात्रीची लांबची उड्डाणं सुरू होत. विमानं बहुधा आघाडीवरून निवृत्त झालेली, हवा इंग्लंडची, आणि हात नवशिके. या युद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची 55 हजारांहून जास्त माणसं मेली, आणि त्यातली सुमारे 8 हजार शत्रूशी गाठ न पडता, सरावात आणि अपघातांत गेली. शर्यतींच्या पुस्तकांत या तळाचं सैनिकी आयुष्य एका वाक्यात आटोपतं, ते मला पटत नाही. या रस्त्यावर पहिला धोका पत्करला तो या मुलांनी. त्यांचं नाव विजेत्यांच्या आधी घ्यायला हवं.

1946 मध्ये विमानदलाने तळ सोडला. तेव्हा ब्रिटनमध्ये शर्यतीला जागाच उरली नव्हती. 1907 पासून चालत आलेला ब्रुकलँड्सचा ट्रॅक युद्धकाळात विमानकारखान्याने गिळला होता आणि डॉनिंग्टन पार्क लष्करी वाहनांनी भरलं होतं. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला तेव्हा कायद्याने बंदी होती. शर्यतवेड्यांच्या नजरा मग ओस पडलेल्या विमानतळांकडे वळल्या. सप्टेंबर 1947 मध्ये काही मित्रांनी परवानगीबिरवानगीच्या भानगडीत न पडता सिल्व्हरस्टोनवर आपसांत शर्यत लावली. धावपट्ट्यांवर तेव्हा मेंढ्या चरत असत. त्यातली एक एका गाडीखाली सापडून मेली, गाडीही निकामी झाली, आणि ती शर्यत ‘मटण ग्रां प्री’ याच नावाने लक्षात राहिली.

पुढल्या वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने ही जागा रीतसर भाड्याने घेतली. शर्यतीची तारीख ठरली 2 ऑक्टोबर 1948, आणि तयारीला मिळाले जेमतेम दोन महिने. गवताच्या पेंढ्या, तेलाची रिकामी पिंपं आणि दोर लावून मार्ग आखला. गाड्या कडेच्या रस्त्याने निघत, मध्येच आत वळून धावपट्टीवरून तळाच्या मध्यापर्यंत येत, आणि तिथून तीव्र वळण घेऊन पुन्हा बाहेर जात. दुसऱ्या अंगाने दुसऱ्या धावपट्टीवरही हाच प्रकार. म्हणजे दोन बाजूंनी सुसाट येणारे चालक थेट एकमेकांच्या अंगावर धावून येत! नजर विचलित होऊ नये म्हणून मधोमध कापडी पडदे उभारले होते. लाखभर लोक जमले. मासेराती चालवणारे विलोरेसी पहिले आले, त्यांचे साथीदार अस्कारी दुसरे.

1949 मध्ये धावपट्ट्या वगळल्या आणि शर्यत कडेच्या रस्त्यावर आली. माझ्या मते सिल्व्हरस्टोन खऱ्या अर्थाने जन्मलं ते तेव्हा. वेलिंग्टनचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 26 मीटर पसरलेले. असलं धूड वळवायचं तर रस्त्याला ऐसपैस, सैल वळणं लागतात, आणि हीच वळणं गाड्यांना वेग फारसा न तोडता घेता येतात. सिल्व्हरस्टोनचा वेगवान म्हणून जो लौकिक आहे, त्याचं मूळ बॉम्बर विमानांच्या या संथ वाटचालीत आहे.

वळणांची नावंही याच मातीतली. बेकेट्स आणि चॅपल ही नावं जवळच्या संत टॉमस बेकेटच्या जुन्या चॅपलवरून आली, लफील्ड आणि ॲबी तिथल्या मध्ययुगीन मठावरून, कॉप्स कडेच्या राईवरून, स्टो शेजारच्या वाड्यावरून. हँगर स्ट्रेटच्या बाजूला विमानांचं मोठं हँगर होतं. अलीकडच्या वेलिंग्टन स्ट्रेटने त्या विमानाचंही नाव ट्रॅकवर आणलं, याचा मला आनंद आहे.

13 मे 1950 ला फॉर्म्युला वनच्या विश्वअजिंक्यपद मालिकेतली पहिलीवहिली शर्यत इथेच झाली. राजे सहावे जॉर्ज सहकुटुंब हजर होते आणि त्यांच्यासोबत माउंटबॅटन दांपत्यही. सयामचे राजपुत्र बिरा मासेराती घेऊन उतरले होते. अल्फा रोमिओच्या फारिनांनी 70 फेऱ्यांची ती शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी इथे फेरारीने आपला पहिला अजिंक्यपद विजय मिळवला.

असं भाग्य लाभलेला सिल्व्हरस्टोन हा एकटाच तळ नाही. फ्लोरिडातल्या सेब्रिंगला अमेरिकेच्या बी-17 विमानांचे चमू शिकत. तिथे आज बारा तासांची शर्यत होते आणि ट्रॅकचा काही भाग अजूनही धावपट्टीच्या जुन्या काँक्रीटचाच आहे. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अशीच जागती ठेवली आणि 1990 मध्ये इरुंगट्टुकोट्टईला स्वतंत्र ट्रॅक होईपर्यंत दक्षिणेतल्या शर्यतींचं ते मोठं ठाणं होतं. 1980च्या दशकात तिथे एन्साइन कंपनीची जुनी फॉर्म्युला वन गाडी पळवणाऱ्या विजय मल्ल्या यांनीच पुढे ‘फोर्स इंडिया’ संघ काढला. 2008 ते 2018 पर्यंत भारताचं नाव लावून धावलेल्या त्या गाड्या तयार होत त्या सिल्व्हरस्टोनच्या फाटकासमोरच्या कारखान्यात.