पुसण्यासाठी काढलेलं चित्र

२०१८ साली दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना घेऊन कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत गेले होते. 'जोधा अकबर'साठी उभारलेला किल्ला तेव्हा तिथे होता. धाकट्याने तटाला टिचकी मारली आणि ओरडला, "आजी, हा तर पोकळ आहे!" सगळे हसलो, पण ती टिचकी डोक्यात राहिली.

तो किल्ला उभारणारे नितीन चंद्रकांत देसाई. मूळ दापोलीकडचे, जन्म १९६५ चा. १९८७ मध्ये नीतीश रॉय यांच्या हाताखाली 'तमस'वर काम करत ते या धंद्यात शिरले. दूरदर्शनवर 'चाणक्य' लागायची, तेव्हा पाटलीपुत्र बघायला आमच्या चाळीत शेजारपाजार जमायचा. त्यातही त्यांचा हात होता. पुढे '१९४२ अ लव्ह स्टोरी', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान', 'देवदास'. 'लगान'चं चंपानेर त्यांनी कच्छात भुजजवळ उभारलं, तर 'देवदास'मधला चंद्रमुखीचा महाल मुंबईच्या चित्रनगरीतल्या तळ्याकाठी. 'कौन बनेगा करोडपती'चा २००० सालचा सेटही त्यांचाच. कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पण या कामाची एक गंमत आहे, गंमत कसली, दुःखच म्हणा. सेट बांधायला महिने लागतात आणि मोडायला काही दिवस. जागा भाड्याची, पुढचा निर्माता दारात उभा. राहतं ते फक्त पडद्यावर.

आम्हा मास्तरणींना हे नवीन नाही. इतिहासाच्या तासाला मी रंगीत खडूंनी रायगडाचा नकाशा काढत असे. घंटा झाली की पुढच्या तासाचे गणिताचे सर डस्टर फिरवायचे. पहिल्या वर्षी रडू आलं होतं, नंतर सवय झाली.

देसाईंनी मात्र ती सवय लावून घेतली नाही, असं मला वाटतं. २००५ मध्ये त्यांनी ४०-५० एकरांवर स्वतःचा स्टुडिओ काढला. तिथे सेट मोडायची घाई नव्हती. निर्माता म्हणून केलेली 'राजा शिवछत्रपती' ही मालिका २००८ मध्ये आली. मी निवृत्त झाले ते त्याच वर्षी. शेवटच्या वर्गातल्या मुलांना महाराजांचा दरबार विचारला तर ती मालिकेतला सांगायची, पुस्तकातला नाही. थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू!

पण टिकवणं बांधण्याहून महाग पडतं. मे २०२१ मध्ये स्टुडिओला आग लागली आणि 'जोधा अकबर'चा सेट जळाला. कर्ज वाढत गेलं, प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. २ ऑगस्ट २०२३ ला, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, देसाईंनी त्याच स्टुडिओत आपलं आयुष्य संपवलं. बातमी वाचून मी धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "आजी, त्या पोकळ किल्ल्यावाले?"

हो रे, तेच. पण किल्ला पोकळ असला तरी त्यामागचे कष्ट पोकळ नव्हते, हे तुला त्या दिवशीच सांगायला हवं होतं. तेव्हा मी नुसती हसले.

असो. यापुढे सिनेमा संपल्यावर नावांची पाटी वर सरकते ना, ती पूर्ण बघून मगच उठायचं ठरवलं आहे.