मत्स्यखाद्य : पर्यायी प्रथिने

संवर्धित मासे आणि कोळंबी यांच्या खाद्यात फिशमीलऐवजी, म्हणजे समुद्रातल्या लहान माशांच्या सुक्या भुकटीऐवजी, वापरले जाणारे प्रथिनयुक्त घटक. तेलबियांची पेंड, कत्तलखान्यातले उपपदार्थ, कीटकांच्या अळ्या, जीवाणू, यीस्ट आणि शैवाल हे त्यांतले मुख्य.

फिशमीलमध्ये साधारण ६० ते ७० टक्के प्रथिने असतात. ती सहज पचतात आणि त्यांत लायसीन व मेथिओनिन ही अमिनो आम्ले भरपूर असतात. म्हणून मांसाहारी माशांसाठी त्याला तोड सापडणे अवघड. पण त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक पेरू, आणि तिथला सारा व्यवहार अँकोव्हेटा या एका माशावर उभा. एल निनोने समुद्र तापला की हा मासा दुर्मीळ होतो. १९७२-७३ मध्ये अतिमासेमारी आणि एल निनो एकत्र आले, तेव्हा ही मासेमारी कोसळली. २०२३ मध्ये तर उत्तर-मध्य पेरूतला पहिला हंगामच रद्द करावा लागला.

सर्वांत मोठा बदल नॉर्वेने करून दाखवला. १९९० साली तिथल्या सॅमनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून आलेले असत. २०२० मध्ये ते प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास उतरले. साध्या सोयापेंडीने सॅमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यामागे मुख्यतः सोयाबीनमधली सॅपोनिने असतात. अल्कोहोलने धुऊन ती काढून टाकली की जे सांद्रित सोयाप्रथिन उरते, ते सॅमनला मानवते. नॉर्वेत येणारा हा सोया बराचसा ब्राझीलचा. त्यामुळे समुद्रावरचा भार हलका होताना जंगलतोडीचा प्रश्न पुढे आला, आणि तो टाळून या यशाचे मोजमाप करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाया जाणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर झपाट्याने वाढतात. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून मत्स्यखाद्यात कीटकप्रथिनाला परवानगी दिली. मात्र तिथल्या कायद्याने या अळ्याही पाळीव प्राणीच ठरतात, त्यामुळे त्यांना हॉटेलातले खरकटे किंवा शेण घालता येत नाही. या माशीचा मूळ लाभ तिथेच बराच आटतो आणि किंमत चढी राहते.

किमतीनेच जीवाणूप्रथिनांचाही घात केला होता. ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीने मिथेनॉलवर जीवाणू वाढवून ‘प्रुटीन’ हे पशुखाद्य काढले. १९८० च्या दशकात स्वस्त सोयापुढे ते टिकले नाही. आता नैसर्गिक वायूवर जीवाणू वाढवण्याचे प्रयत्न पुन्हा चालू आहेत.

भारतात चित्र वेगळे आहे. रोहू, कटला, मृगळ यांना फिशमीलची गरज जवळपास नसते. आंध्र प्रदेशात तळ्यांत बांबू रोवून त्यांना छिद्रे पाडलेल्या पिशव्या बांधतात आणि तेल काढलेला भाताचा कोंडा व पेंड त्यांतून माशांना देतात. अडचण आहे ती वनामी कोळंबीची. तिच्या खाद्यात फिशमील लागते, आणि कोकणापासून कर्नाटकापर्यंत ट्रॉलच्या जाळ्यात सापडणारी कोवळी मासळी फिशमील कारखान्यांकडे जाते. वाढून बाजारात आली असती ती मासळी अशी भुकटीत जाणे हे या किनाऱ्याचे खरे नुकसान आहे. चेन्नईची केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्था कोळंबीच्या खाद्यासाठी देशी वनस्पतिप्रथिने आणि कीटकप्रथिने यांवर संशोधन करते.