धरण घानाचं, वीज कुणाची?

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात लोडशेडिंगला खास शब्द आहे : डुमसोर. तिथल्या ट्वी भाषेत ‘डुम’ म्हणजे विझव, ‘सोर’ म्हणजे पेटव. २०१२ ते २०१६ या काळात वीज इतकी जात-येत होती, की राष्ट्राध्यक्ष जॉन महामांना लोक ‘मिस्टर डुमसोर’ म्हणायला लागले. आणि याच देशात व्होल्टा सरोवर आहे. अकोसोंबो धरणाने अडवलेलं, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर पसरलेलं. एवढ्या विस्ताराचं मानवनिर्मित सरोवर जगात दुसरं नाही.

डुमसोरची ताजी कारणं होती गॅसचा तुटवडा, धरणातलं घटलेलं पाणी आणि थकलेली बिलं. पण घानाच्या विजेची गोष्ट त्याआधी अर्धशतक सुरू होते.

१९५७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा क्वामे एन्क्रुमांचं गणित साधं होतं. बॉक्साइट आपलं, नदी आपली. मग ॲल्युमिनियमही आपणच करू. धरणाचा निम्मा खर्च घानाने उचलला, उरलेल्यासाठी जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटन यांनी कर्ज दिलं. एन्क्रुमा सोव्हिएत संघाच्या जवळ जातायत म्हणून अमेरिका बिचकत होती. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये केनेडींनी होकार दिला. कर्ज फेडायचं तर विजेला मोठं, खात्रीचं गिऱ्हाईक हवं. ते मिळालं कैसर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांच्या ‘व्हाल्को’च्या रूपाने.

खरी गोष्ट करारातल्या बारीक अक्षरांत आहे. व्हाल्कोला वीज मिळणार होती युनिटला २.६२५ मिलने, म्हणजे जेमतेम पाव सेंटला, आणि करार ३० वर्षांचा. धरणाची बहुतांश वीज हाच एक कारखाना घेई. त्यात वितळायचा कच्चा माल मात्र घानाचा नव्हता, तो जहाजाने बाहेरून यायचा. देशातलं बॉक्साइट तसंच परदेशी जायचं.

सरोवराखाली सातशेहून अधिक गावं गेली. सुमारे ८० हजार माणसं ५२ नव्या वसाहतींत हलवली गेली. त्यातल्या बऱ्याच वसाहतींना पुढची कित्येक वर्षं वीज मिळाली नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एन्क्रुमांनी जानेवारी १९६६ मध्ये धरणाचं उद्घाटन केलं आणि महिन्याभरात लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

मग १९८३चा दुष्काळ आला. सरोवर इतकं आटलं की कारखान्याची वीज तोडावी लागली. रॉलिंग्ज सरकारने पुन्हा बोलणी लावली आणि १९८५ मध्ये दर १७ मिलवर नेला. तोवर जवळपास दोन दशकं एक गरीब देश श्रीमंत कंपन्यांना स्वस्त वीज पुरवत होता. याला सहकार्य म्हणायचं ते कोणी कोणाला केलेलं?

यानंतर जे झालं ते मला जास्त आवडतं. १९८९ मध्ये घानाने २०२० पर्यंत सगळ्या वस्त्यांना वीज द्यायचं ठरवलं. पैसा पुन्हा बाहेरून आला, पण अट गावाशी होती : जवळून लाइन जात असेल, तर गावातले खांब गावाने आणायचे, काही घरांनी आधी वायरिंग करून ठेवायचं, मग सरकार जोडणी देणार. लोकांनी वर्गणी काढून खांब आणले. आज ८० टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत वीज पोचली आहे.

पण डुमसोरच्या धास्तीने सरकारने खासगी वीज कंपन्यांशी घाईघाईत करार केले. वीज घ्या किंवा न घ्या, पैसे द्याच. दाभोळचा एन्रॉन आठवला ना? २०१९ मध्ये घानाच्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की न वापरलेल्या क्षमतेसाठी देश वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त मोजतोय.

व्हाल्को आता सरकारच्या मालकीची आहे आणि क्षमतेच्या काही भागावरच चालते. अवासोच्या खाणीतलं बॉक्साइट अजूनही कच्चंच बंदराकडे जातं.