टेकाम, मरकाम, इरपाची: आपल्या आडनावांतलं जंगल

गटाच्या बैठकीत आपण हजेरीवहीत सही करतो, नावापुढे आडनाव लिहितो आणि वही पुढे सरकवतो. आत्राम, मडावी, टेकाम, मेश्राम, कुमरे, गेडाम, सिडाम. आज आपण त्या आडनावांपाशीच थोडं थांबू.

गोंडीत सागवानाला टेका म्हणतात, त्यावरून टेकाम. मरका म्हणजे आंबा, म्हणून मरकाम. इरपाची मोहावरून आलं, तुमराची तेंदूवरून. आणि नेताम? ते कुत्र्यावरून. हसू नका बायांनो, रानात राहणाऱ्या माणसाला राखणीला आणि शिकारीला कुत्र्याइतका भरवशाचा सोबती दुसरा कोण होता? रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात हे अर्थ नोंदलेले आहेत. कुळाचं जे झाड किंवा जनावर असेल, त्याला त्या कुळानं इजा करायची नाही, ही जुनी रीत.

पण आडनावाचं खरं काम दिसतं ते सोयरिकीच्या वेळी. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे गट आहेत. गोंडीतले नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग हे आकडे आपल्या आज्या बोटांवर मोजायच्या. एकाच देवसंख्येची कुळं एकमेकांची भावंडं मानली जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून पाहुणा अंगणात आला की आधी आडनाव विचारायचं, मग किती देवांचे ते, आणि मगच मुलीचा विषय. ही वाटणी पहांदी पारी कुपार लिंगोनं लावून दिली असं सांगतात. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेतून त्यानं कोंडलेल्या लेकरांना सोडवलं, त्यांना कुळं दिली, देव दिले. माघ पौर्णिमेला तिथं जत्रा भरते, आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या असतील. कुळांच्या या कथा परधान किंगरीवर गात आले. तीच आपली वंशावळ होती, कागदाशिवायची.

दूर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषा बोलणाऱ्यांचंही असंच होतं. तिथं 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'ओ' म्हणजे नातू. १०१४ साली लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ते ओब्रायन. मुलीच्या आडनावात मात्र 'मॅक' किंवा 'ओ' नाही, 'निक' किंवा 'नी' लावायचं. मुलगी ती मुलगी, तिला कुणाचा मुलगा म्हणून का लिहायचं! आम्हाला हे फार आवडलं. मग इंग्रजांचं राज्य आलं. कारकुनांना गेलिक येत नव्हती. त्यांच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यांनी लिहिलं, कित्येकांचे 'ओ' आणि 'मॅक' गळून पडले. लोहार या अर्थाचं एक आडनाव होतं, त्याचं सरळ इंग्रजी भाषांतर होऊन स्मिथ झालं.

आपल्याकडे वेगळं काय झालं? १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढलेले, मोलमपल्लीचे बाबूराव २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांचं आडनाव कुठं शेडमाके छापलेलं दिसतं, कुठं सेडमाके. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, मग आपली काय कथा!

आमच्या गटातल्या एका बाईच्या मुलीला जातपडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. आजोबांच्या दाखल खारीज उताऱ्यात एक आडनाव, बापाच्या सातबाऱ्यावर दुसरं, मुलीच्या आधारवर तिसरं. अक्षर एखाद-दुसरंच इकडं-तिकडं. कार्यालयानं अर्ज तीनदा परत केला. आजीनं आपले देव, देवांचं ठाणं, माहेर, सासर, सगळं घडाघडा सांगितलं, पण ते कागदावर नव्हतं. शेवटी जुन्या कोतवाल पंजीत नोंद सापडली आणि काम झालं. प्रवेशाची तारीख मात्र निघून गेली होती. ती पोर वर्षभर धानाच्या बांधीत रोवणी करत होती.

एक गोष्ट खरी की नुसत्या आडनावावरून जमात ठरत नाही. मेश्राम, गेडाम ही आडनावं आपल्या भागात गोंडांत आहेत, परधानांत आहेत आणि बौद्ध घरांतही आहेत. म्हणून पडताळणीत जुना कागद मागतात, आणि जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० ची असल्यामुळे त्याआधीच्या नोंदीला जास्त वजन. चालीरीतींचे प्रश्नही विचारतात. पण ती एकच कसोटी अखेरची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

बाईला तर दोन आडनावं. जमातीचा दाखला माहेरच्या वंशावरून, बँकेचं पासबुक सासरच्या आडनावावर. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, तिथंही बाईचं नाव नीट लिहिलं की नाही ते वाचून घ्यायचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

पुढच्या बैठकीला घरातले जुने कागद पिशवीत घालून आणा: शाळेचा दाखला, कोतवाल पंजीची नक्कल, सातबारा. अक्षर अक्षर जुळवून पाहू. आणि ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी आजीलाही आणा, किती देवांचे ते विचारायला.